शंभर कोटी सात हीच संख्या का? "प्राइम आहे म्हणून" याच्या पुढचं कुणी सांगेल काय?

तिसरा_बाक (बेळगाव)

मी बेळगावात इंजिनिअरिंगला आहे, पाचव्या सेमला, कॉम्प्युटर सायन्स. गाव खानापूर तालुक्यातलं, दहावीपर्यंत मराठी शाळा. त्यामुळं आता वर्गात कन्नड, वहीत इंग्लिश आणि डोक्यात मराठी असा कारभार चाललाय. म्हणून इथं विचारालोय.

कोडिंगच्या स्पर्धेत उत्तर फार मोठं येणार असलं की प्रश्नाच्या शेवटी एक ओळ ठरलेली असते: उत्तराला १,००,००,००,००७ ने भागा आणि उरलेली बाकी छापा. सिनियरांना विचारलं की "प्राइम (मूळ संख्या) आहे, पाठ करून टाक". पाठ केली. पण प्राइम तर १०१ पण आहे की. हीच कशाला? आणि मोठीच पाहिजे तर २,१४,७४,८३,६४७ घ्या, तीही मूळ संख्या आहे आणि इंटमध्ये, म्हणजे कोडमधल्या साध्या पूर्णांकात, मावणारी सगळ्यात मोठी संख्या तीच.

पण खरं विचारायचंय ते वेगळंच. काल या संख्येच्या हिशेबात १ पासून पुढच्या आकड्यांचे व्यस्त काढून बघितले. म्हणजे ज्यानं गुणल्यावर बाकी १ उरते तो आकडा. २ चा आला ५०,००,००,००४. ३ चा ३३,३३,३३,३३६. ९ चा ११,११,११,११२. आणि ७ चा १४,२८,५७,१४४! एक सप्तमांशात येणारे १४२८५७ इथं कुठनं आले? ५ चा मात्र ४०,००,००,००३, तो या रांगेत बसत नाही.

हा नुसता योगायोग काय, की संख्येला आकार सोडून स्वतःचा काही स्वभाव असतो?

---

टिळकवाडीकर (सध्या बेंगळूरु)

भावा, गूढ काही नाही. सगळा सोयीचा मामला आहे.

साधा पूर्णांक ३२ बिटांचा, त्याची हद्द तू लिहिलीस तीच, २,१४,७४,८३,६४७. शंभर कोटी सातने भागल्यावर बाकी जास्तीत जास्त १,००,००,००,००६ उरणार. अशा दोन बाक्यांची बेरीज २,००,००,००,०१२. बसली हद्दीत. गुणाकार १० च्या १८ व्या घाताच्या किंचित वर जातो, ६४ बिटांची हद्द त्याच्या नऊपटीहून जास्त आहे, तोही बसला. आता तुझी २१४ कोटीवाली घे. दोन मोठ्या बाक्यांची नुसती बेरीज केलीस तरी हद्दीबाहेर, आणि उत्तर उणे दिसायला लागेल. म्हणून ती नको.

प्राइम कशाला, तर भागाकारासाठी. समज, चौकोनी आखलेल्या वस्तीत २० चौक पूर्वेला आणि २० चौक उत्तरेला जायचंय, मागं फिरायचं नाही. वाटा किती? ४० चं क्रमगुणित (१ पासून ४० पर्यंतच्या आकड्यांचा गुणाकार) भागिले २० च्या क्रमगुणिताचा वर्ग, म्हणजे १,३७,८४,६५,२८,८२०. शंभर कोटी सातने भागून बाकी ८४,६५,२७,८६१. चौक २० ऐवजी दोन लाख झाले की खरं उत्तर कुठं साठवत बसणार? पावलोपावली बाकीच ठेवावी लागते, आणि बाक्यांचा सरळ भागाकार होत नाही. तिथं व्यस्तानं गुणावं लागतं. भागणारी संख्या प्राइम असली की शून्य सोडून प्रत्येक बाकीला व्यस्त असतोच, आणि फर्माच्या प्रमेयानं तो काढताही येतो: आकड्याचा १,००,००,००,००५ वा घात घे, की झाला व्यस्त. घात बघून घाबरू नको, तिसाच्या आसपास वर्ग आणि मधले काही गुणाकार, बास.

शंभर कोटीच्या परिसरात साधारण दर २१ संख्यांमागं एक प्राइम आहे. त्या गर्दीतनं हीच उचलली, कारण लक्षात राहते. स्वभाव वगैरे काही नसतो. उलट मोठ्या बहुपदींचे झटपट गुणाकार करायचे असले तर ही कुचकामी, तिथं ९९,८२,४४,३५३ वापरतात. त्यातनं १ वजा केला की ११९ गुणिले २ चा २३ वा घात उरतो, आणि त्या पद्धतीला २ चे असे ढीगभर अवयव लागतात. शंभर कोटी सातमधनं १ काढलास तर २ फक्त एकदाच निघतो.

---

निपाणीचे मास्तर

टिळकवाडीकरांनी ही संख्या निवडण्याचं कारण सांगितलं, ते बरोबर आहे. मुलानं मात्र दोन गोष्टी विचारल्या होत्या, आणि दुसऱ्या गोष्टीला त्यांनी "नसतो" म्हणून एका शब्दात कटवलं. गंमत म्हणजे त्याच परिच्छेदात एका संख्येतून १ काढल्यावर २ तेवीस वेळा निघतो आणि दुसरीतून एकदाच, हेही सांगून गेले. मग तो स्वभाव नाही तर काय?

मी निपाणीकडच्या एका मराठी हायस्कुलातून गणित शिकवून निवृत्त झालो. कोडिंग मला येत नाही. वडील तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहायचे. पान पूर्ण झालं की नवाचा ताळा घ्यायचे: आकड्यांची बेरीज करत एका आकड्यावर यायचं आणि दोन्ही बाजू जुळतात का पाहायचं. बाळ, तू करतोस ते याहून वेगळं नाही. ताळा म्हणजे ९ ने भागून उरलेली बाकी. तिथे ९ होते, तुझ्याकडे शंभर कोटी सात आहेत, एवढाच फरक.

तुझ्या "मोठीच का, मूळच का" या प्रश्नाचं उत्तर ताळ्याच्या उणिवांतच आहे. अंदाजे लिहिलेलं चुकीचं उत्तर नवाच्या ताळ्यात नऊपैकी एकदा सहज खपून जातं. ३६ च्या जागी ६३ पडले तर ताळ्याला पत्ताही लागत नाही. भाजक शंभर कोटींचा असला की असं खपून जाण्याची शक्यता शंभर कोटींत एक. म्हणून मोठी. आणि नवाच्या हिशेबात ३ गुणिले ६ म्हणजे १८, बाकी शून्य. दोघांपैकी एकही शून्य नाही आणि गुणाकार शून्य! जिथे असं होतं तिथे भागाकाराची आशा सोडायची. नवाच्या हिशेबात ३ ला व्यस्तच नाही. भाजक मूळ असला की हे कधीच होत नाही. म्हणून मूळ.

आता तुझे व्यस्त. यात योगायोग अजिबात नाही आणि हे नववीच्या सूत्रातून निघतं. या संख्येला आपण म म्हणू. म मध्ये १ मिळव: १,००,००,००,००८. म्हणजे १००० चा घन अधिक २ चा घन. दोन घनांच्या बेरजेचे अवयव पाड, १,००२ गुणिले ९,९८,००४ येतात. आणखी फोडत गेलास तर २ चा घन, ३ चा वर्ग, ७, १०९ चा वर्ग आणि १६७. म्हणजे २, ३, ४, ६, ७, ८, ९ या सगळ्यांनी म + १ ला नि:शेष भाग जातो. एका आकडी संख्यांत ५ तेवढा बाहेर राहिला. भाग जातो म्हटल्यावर ७ चा व्यस्त मिळवायला १,००,००,००,००८ ला ७ ने भागलं की काम झालं. शंभर कोटींना ७ ने भागताना १४२८५७ येणारच, एक सप्तमांशच तो. ५ चा भाग म + १ ला जात नाही, पण दुपटीत १ मिळवला की जातो: २,००,००,००,०१५ भागिले ५. म्हणून तुझा ४०,००,००,००३ वेगळा दिसला.

१३ करून पाहा. म ला १३ ने भागून बाकी ६. सहाच्या कितव्या पटीत १ मिळवला की १३ चा भाग जाईल? दुसऱ्या. तर २,००,००,००,०१५ भागिले १३ म्हणजे १५,३८,४६,१५५. दोन त्रयोदशांश दशांशात मांडलेस तर १५३८४६ च येतात, ताडून घे. या रीतीला आपल्याकडे कुट्टक म्हणतात. आर्यभटानं ती दिली आणि भास्कराचार्यांच्या लीलावतीत तिच्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. (भास्कराचार्य कुणाचे, हे मला विचारू नका. इकडे विजयपूर त्यांना आपलं म्हणतं, तिकडे चाळीसगावजवळचं पाटण. आमच्या भागात एक सीमावाद पुरेसा आहे.) त्यामुळे टिळकवाडीकरांच्या शंभर कोटी पाचव्या घाताशिवायही व्यस्त निघतो, आणि लहान आकड्यांचा तर कागदावर त्याहून लवकर.

घनाचं तेच सूत्र आणखी एक गोष्ट सांगतं. शंभर कोटींच्या पुढची पहिली मूळ संख्या हीच. सम संख्या सोड. १,००,००,००,००१ म्हणजे १००० चा घन अधिक १ चा घन, म्हणजे १,००१ गुणिले ९,९९,००१, ती गळाली. शेवटी ३ असलेली २३ गुणिले ४,३४,७८,२६१, तीही गेली. शेवटी ५ असलेलीला ५ चा भाग जातो. पुढची ७. ती खरोखर मूळ आहे हे दाखवायला मात्र ३१,६२२ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी, म्हणजे ३,४०१ संख्यांनी भागून पाहावं लागतं. ते तुझ्या यंत्राला सांग.

म + १ इतका फोडलेला, तर म − १ नेमका उलटा. १,००,००,००,००६ म्हणजे २ गुणिले ५०,००,००,००३, आणि ही पन्नास कोटी तीनसुद्धा मूळ संख्या. पुढे फोडायला जागाच नाही. टिळकवाडीकरांना जो दोष वाटला, त्याच्यामुळेच मला या संख्येतली सर्वांत देखणी गोष्ट कागदावर सिद्ध करता आली.

एक सप्तमांशात सहा आकडे फिरून फिरून येतात आणि ७ मधून १ गेला की ६ च राहतात. म्हणजे आवर्तन जितकं लांब असू शकतं तितकं लांब आहे. ३ चं तसं नाही, एक तृतीयांशात एकच आकडा. मग एक भागिले म केलं तर आवर्तन किती लांब? मूळ संख्येचं आवर्तन म − १ ला नि:शेष भागणाऱ्या लांबीचंच असतं. आपल्या म साठी अशा लांब्या चारच: १, २, पन्नास कोटी तीन, किंवा पूर्ण शंभर कोटी सहा. १ आणि २ शक्य नाहीत, कारण ९ ला किंवा ९९ ला म चा भाग जात नाही. पन्नास कोटी तीन तेव्हाच, जेव्हा म च्या हिशेबात १० ला वर्गमूळ असेल. ते आहे का हे वर्गशेषांच्या नियमावरून ठरतं. हा नियम ऑयलरनं ओळखला होता आणि गाउसनं १७९६ मध्ये सिद्ध केला. म ला ८ ने भागून बाकी ७ उरते, म्हणून २ ला वर्गमूळ आहे. ५ ने भागून बाकी २ उरते, म्हणून ५ ला नाही. असलेला गुणिले नसलेला म्हणजे नसलेला, तेव्हा १० ला वर्गमूळ नाही. उरली एकच लांबी.

म्हणजे एक भागिले शंभर कोटी सात लिहायला बसलास तर शंभर कोटी सहा आकडे झाल्यावरच पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल. पानावर तीन हजार आकडे बसवलेस तर साडेतीन लाखांच्या आत-बाहेर पानं होतील. भागाकार करताना १ पासून म − १ पर्यंतची प्रत्येक बाकी एकदा आणि एकदाच येते, एकही सुटत नाही. आवर्तनाचा पहिला अर्धा भाग आणि दुसरा अर्धा भाग मिळवलेस तर सगळे ९. सातात १४२ अधिक ८५७ म्हणजे ९९९, तसंच.

सुरुवातीचे आकडे मी हातानं काढले. नऊ-नऊचे गट पाड:

०००००००००, ९९९९९९९९३, ०००००००४८, ९९९९९९६५७, ०००००२४००, ९९९९८३१९३.

शून्यं मोजताना डोळे फिरतात, पण हात लावला की दिसतं: शंभर कोटींतून ७ वजा, ४९ ला एक कमी, शंभर कोटींतून ३४३ वजा, २,४०१ ला एक कमी, शंभर कोटींतून १६,८०७ वजा. ७ चे घात आहेत, एक आड एक उणे.

---

उद्यमबाग_शॉप

मास्तर, नवाचा ताळा वाचून बरं वाटलं, आमच्याकडं म्हातारे सुपरवायझर अजून घेतात.

गणित माझं बेताचंच. पण "प्रत्येक बाकी एकदा आणि एकदाच" हे आम्ही रोज बघतो. गियरच्या जोडीत २० आणि ४० दाते ठेवले तर तेच दोन दाते परत परत भिडतात. एका दात्यावर ओरखडा असला तर तो समोरचा ठरावीक दाता खाऊन टाकतो. ४० च्या जागी ४१ केले की २० मधला प्रत्येक दाता ४१ मधल्या प्रत्येकाला भेटून येतो, झीज सगळीकडं सारखी. डिझाइनवाले मुद्दाम असे आकडे धरतात.

आणि मूळ संख्येचा त्रासही आम्हालाच. जुन्या लेथवर इंची लीड स्क्रूनं (हत्यार पुढं सरकवणारा आट्यांचा दांडा) मिलिमीटरची चूडी, म्हणजे आटे, पाडायची तर १२७ दात्यांची गियर लागते. इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, २५४ म्हणजे दोनदा १२७, आणि १२७ काही फुटत नाही. ती गियर डिव्हायडिंग हेडवर (वर्तुळाचे सारखे भाग पाडायचं साधन) पाडायची झाली तर नेहमीच्या प्लेटवर १२७ भोकांचं वर्तुळ नसतं. चेंज गियर लावून डिफरन्शियल इंडेक्सिंग करावं लागतं. नवीन पोराला ते जमलं की आम्ही त्याला कारागीर म्हणतो.

---

तिसरा_बाक

सर, वाचून रात्री लगेच करून बघितलं. पन्नास कोटी तीन मूळ आहे, सगळे भाग देऊन तपासली. आवर्तनही तपासलं: १० चा पन्नास कोटी तिसरा घात घेतला तर बाकी १,००,००,००,००६ येते, म्हणजे उणे एकच. पूर्ण शंभर कोटी सहावा घात घेतला की १. तुम्ही कागदावर सांगितलं तसंच.

उद्यमबाग काका, खरं सांगू, आमच्या मेकॅनिकलच्या मित्रांना हे १२७ माहीत नव्हतं. सांगितलं त्यांना.

आता पुढचं. अशा किती संख्या आहेत? ज्यांचं आवर्तन पूर्ण लांब आहे आणि म − १ पण दुप्पट मूळ आहे? संपतात काय कुठं तरी?

---

अनगोळची_मॅडम

मी पीयू कॉलेजला (अकरावी-बारावी) गणित शिकवते. तुझ्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर असं की जगात कुणालाच माहीत नाही. आणि तू एका वाक्यात दोन न सुटलेले प्रश्न विचारलेस.

ज्या मूळ संख्येची दुप्पट अधिक एक हीसुद्धा मूळ, तिला सोफी जर्मेन मूळ संख्या म्हणतात. पन्नास कोटी तीन ही त्यांतली, आणि शंभर कोटी सात ही तिची "सेफ प्राइम". सोफी जर्मेन या फ्रेंच गणितज्ञ बाईंनी फर्माच्या शेवटच्या प्रमेयावर काम करताना अशा संख्या वापरल्या. त्या अनंत आहेत असं सगळ्यांना वाटतं, सिद्ध झालेलं नाही. सेफ म्हणायचं कारण गुप्तलेखनातलं: म − १ जर लहान लहान अवयवांत फुटत असेल तर त्यावर बेतलेलं कुलूप तुकड्यातुकड्यानं उघडता येतं. अर्थात खऱ्या कुलपांसाठी शंभर कोटी फारच लहान, तिथं सहाशेहून जास्त अंकी संख्या लागतात.

पूर्ण आवर्तनाच्या मूळ संख्या अनंत आहेत का, हा एमिल आर्टिनचा १९२७ चा तर्क. त्याच्या अंदाजानं साधारण ३७.४ टक्के मूळ संख्या अशा असाव्यात. क्रिस्टोफर हूली यांनी १९६७ मध्ये तो सिद्ध केला, पण रीमानच्या गृहीतकाचं व्यापक रूप खरं मानून, आणि ते अजून लटकलेलंच आहे. हीथ-ब्राउन यांच्या १९८६ च्या कामातनं कळतं की दशांशाच्या १० च्या जागी पाया म्हणून मूळ संख्या घेतल्या तर जास्तीत जास्त दोनच अशा निघतील ज्यांच्यासाठी अनंतपणाचा हा तर्क फसेल. त्या दोन कुठल्या, किंवा आहेत तरी का, पत्ता नाही. त्यामुळं २, ३, ५ या तिघांपैकी एकाचं तरी नक्की जमतं, पण कुणाचं ते बोट ठेवून सांगता येत नाही. मला हा निकाल फार आवडतो. वर्गात सांगितला की निम्मी मुलं हसतात, निम्मी चिडतात.

तिसरा प्रश्न तू विचारला नाहीस, पण तोही इथंच आहे. १,००,००,००,००९ हीसुद्धा मूळ. म्हणजे सात आणि नऊ या जुळ्या. जुळ्या मूळ संख्या अनंत आहेत का? तेही माहीत नाही. २०१३ मध्ये यितांग झांग यांनी ७ कोटींच्या आतलं अंतर असलेल्या जोड्या अनंत आहेत हे दाखवलं, मग इतरांनी ते अंतर २४६ वर आणलं. २ वर यायचं राहिलंय.

---

तिसरा_बाक

मॅडम, मग नऊवाल्या जुळीचं आवर्तनही पूर्णच असेल ना? दोनचंच तर अंतर आहे.

---

निपाणीचे मास्तर

नाही, आणि हे तुला यंत्राशिवाय करता यायला हवं. १,००,००,००,००९ ला ८ ने भाग, बाकी १, म्हणून २ ला वर्गमूळ आहे. ५ ने भाग, बाकी ४, म्हणून ५ लाही आहे. दोन्ही असलेले, तर १० लाही आहे. मग आवर्तन फार तर अर्धं, म्हणजे ५०,००,००,००४ किंवा त्याला भागणारी एखादी लांबी. दोनचं अंतर म्हणतोस, पण तेवढ्यात ५ चं वर्गमूळ एकीकडे नाही आणि दुसरीकडे आहे.

---

टिळकवाडीकर (सध्या बेंगळूरु)

थांबा मास्तर, आत्ता ट्यूब पेटली. फिबोनाचीच्या काही प्रश्नांत मुद्दाम सातवाली न देता नऊवाली देतात, आणि मी ते आजपर्यंत प्रश्न काढणाऱ्याची लहर समजत होतो. फिबोनाचीच्या सूत्रात ५ चं वर्गमूळ येतं. नऊवालीत ते पूर्णांकातच मिळतं, कोडमध्ये आम्ही सरळ ३८,३०,०८,०१६ लिहून टाकतो. सातवालीत असा आकडाच नाही, मग तिथं मॅट्रिक्स वापरत बसा.

ठीक आहे, स्वभाव असतो. पण निवडताना लक्षात राहते म्हणूनच निवडली, हे मी सोडणार नाही.

---

निपाणीचे मास्तर

ते सोडू नका, बरोबरच आहे.

तुमचा आकडा तपासला. ३८,३०,०८,०१६ चा वर्ग १,४६,६९,५१,४०,३२,०२,५६,२५६. शेवटचे नऊ अंक वेगळे काढले: ३२,०२,५६,२५६. पुढे राहिले १४,६६,९५,१४०. नऊवालीच्या हिशेबात शंभर कोटी म्हणजे उणे ९, तेव्हा पुढच्या भागाला ९ ने गुणून वजा करायचं: १,३२,०२,५६,२६०. वजाबाकी उणे १,००,००,००,००४. त्यात १,००,००,००,००९ मिळवले, उरले ५.

तिसरा बाक, आता याच जुळीत २ चं वर्गमूळ शोध. आहे हे वर सांगितलंय, किती ते मी काढलेलं नाही.